आधी तारीख, मग बोलणं: शोध, पेटंट आणि विक्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेटंटच्या अर्जांचं काम करतो. माझ्याकडे येतात ते मुख्यतः कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले वर्कशॉपवाले, शेतकरी आणि इंजिनिअरिंगची पोरं. पुढचे प्रश्न त्यांचेच आहेत आणि उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून आहेत. फी आणि मुदती अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या.

माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. तिचं पेटंट मिळेल का?

नुसत्या कल्पनेचं मिळत नाही. ती कल्पना प्रत्यक्षात कशी उतरते, त्याचं मिळतं. "गुऱ्हाळात काहिलीवरची मळी आपोआप निघाली पाहिजे" (मळी म्हणजे उसाचा रस उकळताना वर येणारा घाणीचा फेस) ही इच्छा झाली. ती कोणत्या आकाराच्या फळीने निघते, फळी कुठल्या कोनात बसते, तिला फिरवणारी चेन कशी ताणली जाते आणि उकळी वाढली की फळी वर कशी सरकते, हे सांगता आलं तर तो शोध. वस्तू बनवून दाखवायची सक्ती नाही. पण वर्णन असं हवं की तुमच्याच धंद्यातला जाणकार माणूस ते वाचून ती वस्तू बनवू शकेल.

त्यापुढे तीन कसोट्या आहेत. शोध जगात नवा हवा, फक्त आपल्या जिल्ह्यात नवा असून भागत नाही. त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा. आणि तो उद्योगात बनवता किंवा वापरता यायला हवा. तिसरीत फारसं कुणी अडत नाही, बहुतेक अर्ज दुसऱ्या कसोटीवर अडतात.

कशाकशाचं पेटंट मिळतच नाही?

पेटंट कायदा १९७० चा. त्याच्या कलम ३ मध्ये ही यादी आहे आणि पैसे खर्च करण्याआधी ती वाचलीच पाहिजे. शेतीची किंवा फळबागेची पद्धत त्यात बसते, म्हणजे ऊस लावण्याच्या नव्या पद्धतीला पेटंट नाही, पण लावणीच्या यंत्राला मिळू शकतं. माणसावरच्या किंवा जनावरावरच्या उपचाराची पद्धत, झाडं आणि प्राणी, बियाणं, गणिताची रीत, धंद्याची रीत, निव्वळ संगणक प्रोग्राम, पारंपरिक ज्ञान, दोन-चार पदार्थांचं साधं मिश्रण, हे सगळं बाहेर. ओळखीच्या वस्तू एकमेकींना जोडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तेही बाहेर. टोपीला पंखा, काठीला दिवा अशा वस्तू इथेच गळतात.

मी आहे त्याच मशीनमध्ये सुधारणा केली आहे. ती चालेल?

चालू शकते. बहुतेक पेटंटं सुधारणांचीच असतात. पण इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल मी प्रत्येकाला सांगतो. मिर्झापूरच्या एका भांड्यांच्या कारखान्याने लेथवर भांडं पकडण्याच्या सुधारित पद्धतीचं पेटंट १९५१ मध्ये घेतलं होतं. त्या पद्धतीने काम वेगाने व्हायचं, कारागिराला इजा कमी व्हायची, फिनिश चांगला यायचा. नक्कल झाली म्हणून ते कोर्टात गेले आणि शेवटी त्यांचंच पेटंट रद्द झालं. न्यायालयाचं म्हणणं असं की कुशल कारागीर रोजच्या कामात जेवढी सुधारणा करतोच, तेवढ्यावर मक्तेदारी देता येत नाही. त्याच निकालाने हेही स्पष्ट केलं की पेटंट मंजूर झालं म्हणजे ते टिकेलच याची हमी सरकार देत नाही.

म्हणून तुमच्या सुधारणेने असं काय साधलं जे त्या धंद्यातल्या माणसाला अपेक्षित नव्हतं, ते आकड्यांत लिहून ठेवा. किती लाकूड वाचलं, किती मिनिटं वाचली, किती नग खराब व्हायचे थांबले. ही वही पुढे पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाला उत्तर देताना कामी येते.

मी वस्तू प्रदर्शनात ठेवली होती, व्हॉट्सॲपवर व्हिडिओही टाकला. आता पेटंट करू ना?

या एका प्रश्नाने मी जितका हळहळलो आहे तितका दुसऱ्या कशाने नाही.

करवीर तालुक्यातल्या एका माणसाने गुऱ्हाळासाठी खरोखर मळी काढणारं यंत्र बनवलं होतं. मी ते चालताना पाहिलं आहे. भेंडीचा रस पडला, मळी वर आली, की मोटरसायकलच्या जुन्या चेनवर चढवलेल्या जाळीच्या फळ्या काहिलीच्या एका कडेने आत शिरायच्या आणि मळी दुसऱ्या कडेला ओढून पन्हाळीत टाकायच्या. मोटर गाडीच्या वायपरची. फळीची खालची कड त्यांनी थोडी आत वळवली होती. गोम तिथेच होती, कारण त्या वळणामुळे मळी यायची आणि रस काहिलीतच राहायचा. वाफेत उभं राहून झारीने मळी ओढणाऱ्या गड्याचे हात वाचणार होते.

ते माझ्याकडे आले फाल्गुनात. त्याआधी थंडीत चार दिवस ते यंत्र एका कृषी प्रदर्शनात मांडून झालं होतं. असं यंत्र आधी कुठे आलंय का, ते मी शोधायला बसलो आणि सगळ्यात आधी सापडला तो त्यांचाच व्हिडिओ. त्यात ते स्वतः फळीची वळवलेली कड बोटाने दाखवत होते.

कायद्याच्या दृष्टीने शोध एकदा लोकांपुढे आला की तो नवा राहत नाही, आणि तो तुम्हीच दाखवलात याने फरक पडत नाही. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, किंवा विद्वत्सभेत निबंध वाचला असेल तर. तालुक्याचं कृषी प्रदर्शन, कॉलेजचा प्रोजेक्ट डे, यूट्यूब, वर्तमानपत्रातली कौतुकाची बातमी यांपैकी काहीही त्यात बसत नाही. मराठीतली बातमीसुद्धा पुरावाच ठरते. आपल्याकडे शोध चोरांपेक्षा कौतुकाने जास्त गेले आहेत. पत्रकाराला फोन अर्जाच्या पावतीनंतर करा.

कागद पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवला तर तारीख सिद्ध होत नाही का?

पेटंटसाठी त्याचा उपयोग नाही. आधी कोणाला सुचलं यापेक्षा आधी अर्ज कोणी केला, हे इथे मोजलं जातं. नोटरीचा शिक्काही या कामाचा नाही.

मग तारीख मिळवायची कशी?

प्रोव्हिजनल अर्जाने. सगळं पक्कं व्हायच्या आत शोधाचं वर्णन देऊन तारीख घेता येते. पूर्ण अर्ज, म्हणजे कम्प्लीट स्पेसिफिकेशन, त्यानंतर बारा महिन्यांच्या आत द्यावं लागतं. ते दिलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. या वर्षभरात चाचण्या घ्या, भांडवल शोधा, गिऱ्हाईक पाहा.

"प्रोव्हिजनल काय, एक पान लिहून टाकू" असं म्हणणारे पुढे अडचणीत येतात. तारीख मिळते ती फक्त लिहिलेल्या गोष्टीला. वळवलेली कड वर्णनात नसेल तर कडेला ती तारीख नाही. म्हणून आकृत्या काढा, प्रत्येक भागाला क्रमांक द्या, एखादा भाग दुसऱ्या कोणत्या प्रकारे करता येईल तेही लिहा. चेनऐवजी पट्टा चालेल का? लोखंडाऐवजी स्टील? आज तुम्ही लिहिलं नाही तर उद्या तेवढाच बदल करून दुसरा बाजूने निघून जाईल.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो, मराठीत घेत नाहीत. तरी माझा आग्रह असतो की आधी सगळं मराठीत, आपल्या शब्दांत लिहून काढा. ज्या भाषेत सुचलं त्या भाषेत बारकावे सुटत नाहीत, भाषांतर नंतर करता येतं.

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. आता सगळं ऑनलाइन होतं आणि सुनावणीही व्हिडिओवर, त्यामुळे मुंबईची खेप सहसा पडत नाही.

खर्च किती येतो?

सरकारी फी लोकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी आहे. स्वतःच्या नावाने, ऑनलाइन अर्ज केला तर १,६०० रुपये. यात ३० पानं आणि १० दावे (शोधातलं नेमकं काय तुमचं, ते सांगणारी वाक्यं) बसतात, पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि दाव्याला ३२० रुपये. परीक्षणाची विनंती ४,००० रुपये. स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांनाही हाच दर आहे, मोठ्या कंपन्यांना पाचपट. प्रोव्हिजनलनंतर कम्प्लीट देताना मूळ फी पुन्हा भरावी लागत नाही.

पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवायची वार्षिक फी असते. ती तिसऱ्या वर्षापासून लागते. व्यक्तीला सहाव्या वर्षापर्यंत दरसाल ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,०००. वीस वर्षांची बेरीज ७६,८०० रुपये होते. उत्पन्न नसेल तर मध्येच थांबता येतं, पण मग शोध सगळ्यांचा होतो. चुकून फी राहिली तर पेटंट परत मिळवायचा अर्ज अठरा महिन्यांच्या आत करता येतो.

खरा मोठा खर्च लिहून देणाऱ्या एजंटचा. तो माणसागणिक बदलतो. ठरवताना एकच गोष्ट लेखी विचारा: या रकमेत परीक्षकाच्या हरकतींना उत्तर आणि सुनावणी धरली आहे का? सुरुवातीला स्वस्त वाटलेलं काम इथेच महाग पडतं.

एजंट लावलाच पाहिजे का?

कायद्याने नाही. पण शेवटचं पान, म्हणजे दावे, स्वतः लिहू नका. तुमच्या मालकीच्या जमिनीची हद्द जशी सातबारा आणि नकाशा सांगतो, तशी पेटंटची हद्द दावे सांगतात. हद्द फार मोठी मागितली तर अर्ज नाकारला जातो, फार लहान मागितली तर नक्कल करणारा कुंपणाबाहेरून जातो. परीक्षा पास झालेल्या, नोंदणीकृत पेटंट एजंटांची यादी पेटंट कार्यालयाकडे असते. त्यात नाव आहे का ते पाहा.

हे आधी कोणी केलंय का, ते घरबसल्या कळेल?

बरंचसं कळेल, आणि फुकट. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधायची सोय आहे, गूगल पेटंट्स आहे, युरोपचं एस्पेसनेट आहे. आपल्या वस्तूचं नाव टाकून थांबू नका, ती वस्तू काय काम करते ते टाका. गुळाचं यंत्र शोधताना मी सांडपाण्यावरचा फेस काढणारी यंत्रंही पाहतो, कारण परीक्षकही तीच काढणार असतो. दोन संध्याकाळी यात गेल्या तर पुढचे हजारो रुपये वाचू शकतात.

अर्ज केल्यावर पुढे काय होतं, किती वर्षं लागतात?

अठरा महिन्यांनी अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. २,५०० रुपये भरून तो लवकरही प्रसिद्ध करून घेता येतो. परीक्षण आपोआप होत नाही, ते मागावं लागतं. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे, पूर्वी ती ४८ होती. जुनी मुदत डोक्यात ठेवून बसलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण मुदत चुकली की अर्ज मागे घेतल्याचं धरलं जातं.

मग हरकतींचा पहिला अहवाल येतो. त्याला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं, तीन महिने वाढवून मिळतात. हा अहवाल पाहून लोक घाबरतात, "रिजेक्ट झालं हो" म्हणून फोन करतात. तो नकार नसतो. हरकती जवळपास प्रत्येक अर्जाला येतात. सगळं मिळून काही वर्षं जातात. पेटंटची वीस वर्षं मात्र अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात, मंजुरीच्या नाही.

स्त्री अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना जलद परीक्षण मागता येतं, फी ८,००० रुपये. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तरी चालतं. पण केवळ घाईसाठी बायकोचं किंवा बहिणीचं नाव घालणार असाल तर त्या खऱ्या मालक होतात, हे समजून घाला. खरोखर त्यांनी काम केलं असेल, आणि अनेकदा केलेलं असतं, तर शोधक म्हणूनही त्यांचं नाव लिहा.

कंपनीला दाखवलं आणि त्यांनीच बनवलं तर?

अर्जाची पावती हातात असेल तर दाखवा. नसेल तर गोपनीयतेचा करार केल्याशिवाय नको. करारात काय दाखवलं, कोणत्या तारखेला, कोणाला आणि कशासाठी, हे असावं. "आमच्या धोरणात सह्या बसत नाहीत" म्हणणाऱ्या कंपन्या भेटतील. तेव्हा फक्त फायदा दाखवा, आतली रचना नको. यंत्र चालतानाचे निकाल सांगता येतात, झाकण उघडायची गरज नसते.

ज्या कल्पनेला पेटंट नाही तिलाही कधीकधी आधार मिळतो. एका निर्मिती संस्थेने मालिकेची संकल्पना एका वाहिनीला विश्वासाने सांगितली होती आणि नंतर तशीच मालिका येऊ घातली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे विश्वासभंगाच्या मुद्द्यावर मनाई कायम ठेवली. संस्थेची बाजू टिकली कारण संकल्पना कागदावर सविस्तर होती आणि ती गोपनीय म्हणून दिल्याचं दाखवता आलं. चहा पिता पिता सांगितलेल्या गोष्टीला असं काही दाखवता येत नाही. भेट झाली की त्याच संध्याकाळी ईमेल टाका: "आज आपल्याला अमुक दाखवलं, ते गोपनीय आहे." दोन ओळी पुरतात.

पेटंट विकावं की भाड्याने द्यावं?

जमिनीसारखाच विचार करा. खरेदीखत केलं की जमीन गेली, खंडाने दिली तर मालकी तुमची. पेटंटचं खरेदीखत म्हणजे असाइनमेंट आणि खंड म्हणजे लायसन्स. दोन्ही लेखी असावी लागतात आणि पेटंट कार्यालयात नोंदवावी लागतात. तोंडी शब्दाला इथे किंमत नाही, मग समोरचा कितीही घरोब्याचा असो.

तुमच्याकडे भांडवल नाही, वय झालं आहे, कारखाना काढायचा नाही आणि एकरकमी चांगले पैसे मिळत आहेत, तर विकण्यात कमीपणा नाही. बाकीच्यांना मी लायसन्सच सुचवतो. त्यातली कलमं मात्र जीव ओतून वाचा.

एकालाच द्यायचं की अनेकांना? एकालाच देणार असाल तर किमान रॉयल्टी ठरवा, म्हणजे माल खपो न खपो, वर्षाला अमुक रक्कम मिळालीच पाहिजे. हे कलम नसेल तर स्पर्धकाचा शोध बंद करण्यासाठीच लायसन्स घेऊन कपाटात ठेवणारेही असतात. रॉयल्टी नफ्यावर घेऊ नका, विक्रीवर किंवा नगामागे घ्या, कारण नफा कागदावर कमी दाखवता येतो, नग लपवणं अवघड. वर्षातून एकदा हिशेबाची वही पाहण्याचा हक्क लिहून घ्या. किती महिन्यांत उत्पादन सुरू झालं नाही तर करार संपेल, तेही लिहा. कोणत्या राज्यात, किती वर्षं, आणि पुढे त्यांनी सुधारणा केली तर ती कोणाची, तेही.

किती पैसे मागू?

याचं तयार कोष्टक नाही. समोरच्याचे किती वाचतात किंवा वाढतात त्यावरून मागे या. तुमच्या यंत्राने एका गुऱ्हाळाचा एक गडी वाचत असेल तर हंगामाची ती मजुरी काढा, असं यंत्र किती जण घेतील ते पाहा आणि त्यातला वाटा मागा. नुसता अर्ज दाखल असेल तर भाव कमी, पेटंट मंजूर असेल तर जास्त, आणि दहा गिऱ्हाइकांना विकलेली यंत्रं चालत असतील तर सगळ्यात जास्त. विकत घेणारा कागदापेक्षा चालणाऱ्या यंत्राला पैसे देतो. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांचं छपाईचे टाइप पाडणारं यंत्र लंडनमध्ये पुढे नेण्यासाठी सर रतन टाटांचं भांडवल लागलं होतं. बुद्धी असलेल्या माणसालाही पाठीशी पैसा आणि धंदा जाणणारा सोबती लागतो. तो शोधण्यात वेळ गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

मित्राबरोबर मिळून केलं आहे. नावं कशी घालू?

आधी वाटणी लिहा, मग नावं घाला. करार नसेल तर कायदा सगळ्यांचा वाटा समान धरतो. प्रत्येक मालक ती वस्तू स्वतः बनवून विकू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब द्यायला बांधील नसतो. पण दुसऱ्यांच्या संमतीशिवाय कोणालाही लायसन्स देता येत नाही की आपला वाटा विकता येत नाही. म्हणजे एक रुसला की विक्री अडली. भावाभावांतले असे दोन अर्ज मी कायमचे पडून राहिलेले पाहिले आहेत.

नोकरीत असाल तर नेमणुकीचं पत्र काढून वाचा. आपल्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधाबद्दल वेगळी तरतूद नाही, बहुतेक सगळं त्या पत्रावर ठरतं. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं धोरण विचारावं, प्रोजेक्ट सादर करण्याच्या आधी.

मी भाताचं नवं वाण निवडलं आहे. त्याचं पेटंट?

पेटंट नाही, पण वेगळा कायदा आहे, आणि तो समजायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्याकडे पाहावं लागतं. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, अल्पभूधारक, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. १९८० च्या दशकात त्यांना शेतातल्या भातात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक होता. त्यांनी ते बी वेगळं काढलं, वर्षामागून वर्ष लावून पाहिलं आणि वाण स्थिर केलं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं. आज विदर्भातल्या कुठल्याही किराणा दुकानात हा तांदूळ मिळतो. एका कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेलं आणि शुद्धीकरण करून १९९८ मध्ये स्वतःच्या नावाने वाण जाहीर केलं. दादाजींना पुरस्कार मिळाले, पण ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा उपचाराच्या पैशांचीही ओढाताण होती. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं.

बी दिलं त्या काळी शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच नव्हता. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला २००१ मध्ये. आता शेतकरी स्वतःच्या नावाने वाण नोंदवू शकतो, आणि त्याला नोंदणीची फी नाही. पिकांना १५ वर्षं, झाडं-वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं. नोंदणीचं प्राधिकरण दिल्लीत आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून अर्ज जातो. कोणी "पाहायला" बी मागितलं तर किती दिलं, कोणाला, कशासाठी, याची सहीनिशी पोच घ्या. ओंजळभर बियाण्याचीसुद्धा.

आमच्या घराण्यात चालत आलेलं औषध आहे. त्याचं?

पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही, आणि ते चांगलंच आहे. हळदीने जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं होतं. गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्याला आव्हान दिलं तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. त्यांनी जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते आव्हान लढवलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. जो नियम परक्याला लागला तोच आपल्यालाही लागतो.

त्या वनस्पतीतून तुम्ही खरोखर नवी प्रक्रिया काढली असेल तर विचार होऊ शकतो. पण भारतातल्या जैविक संसाधनावरच्या शोधाला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही पार पाडावी लागते.

ॲप, मसाला, नाव, आकार यांचं काय?

ॲपचा कोड कॉपीराइटमध्ये येतो, त्यामागची कल्पना येत नाही. मसाल्याचं प्रमाण गुपित ठेवा आणि नाव ट्रेडमार्कमध्ये नोंदवा. बचत गटांना मी हेच सांगतो. व्यक्तीला एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका प्रकाराची, ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. वस्तूचा नुसता बाह्य आकार नवा असेल तर डिझाइन नोंदणी करा, संरक्षण दहा वर्षं आणि वर पाच. डिझाइनलाही 'आधी नोंदणी, मग विक्री' हाच नियम आहे.

एकदा पेटंट घेतलं की ते जगभर चालतं का?

नाही. प्रत्येक देशाचं वेगळं. भारतातल्या पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत परदेशात किंवा पीसीटीतून (अनेक देशांसाठी एकच अर्ज करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातून) अर्ज केला तर तीच तारीख धरतात. भारतात राहणाऱ्याला परवानगीशिवाय थेट बाहेर अर्ज करता येत नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं किंवा परवाना घ्यावा लागतो. खर्च लाखांत जातो, त्यामुळे तिथे गिऱ्हाईक दिसत नसेल तर नको.

नक्कल करणाऱ्याला पोलिसात देता येतं?

पेटंटची नक्कल हा दिवाणी दावा आहे, जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर. मंजुरी मिळेपर्यंत दावा लावता येत नाही, पण मंजुरीनंतर अर्ज प्रसिद्ध झाल्या तारखेपासूनची भरपाई मागता येते. वस्तूवर पेटंटचा क्रमांक छापा, कारण नुसतं 'पेटंटेड' लिहिलं तर समोरचा "मला माहीत नव्हतं" म्हणून भरपाईतून सुटू शकतो. आणि पेटंट नसताना 'पेटंटेड' छापू नका, दंड दहा लाखांपर्यंत आहे. अर्ज दाखल असेल तर तसंच लिहा.

एक कंपनी म्हणते, पैसे भरा, आम्ही तुमचा शोध विकून देतो.

आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. खरा दलाल विक्रीतून वाटा घेतो. अर्ज प्रसिद्ध झाला की तुमचं नाव-पत्ता जर्नलमध्ये दिसतो आणि 'आंतरराष्ट्रीय नोंदवही'त नाव घालण्याची बिलं यायला लागतात. दिसायला सरकारी, मोठ्या रकमेची. माझ्या एका अशिलाने असं बिल बायकोचे दागिने गहाण ठेवून भरलं. कुठलाही कागद आला की भरण्याआधी एजंटला फोटो पाठवा.

पैसे नाहीत, ओळखी नाहीत. कोणाकडे जाऊ?

शिक्षणाने किंवा पदाने नव्हे तर अनुभवाने शोध लावणाऱ्यांसाठी गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे. ते नोंदी मोफत घेतात आणि निवडलेल्या शोधांचे पेटंट अर्जही करतात. दादाजींच्या वाणाची दखल घेणारेही तेच. नागपूरला बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. उद्योगाची उद्यम नोंदणी असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पेटंटखर्चाच्या परताव्याची चौकशी करा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला सरकारच्या यादीतल्या एजंटचं शुल्क सरकार देतं. यातल्या कुठेही गेलात तरी काय दिलं त्याची पोच घ्या.

मी आधीच सगळं दाखवून बसलोय. संपलं का?

जे दाखवलं ते गेलं. जे दाखवलं नाही ते अजून तुमचं आहे.

त्या गुऱ्हाळवाल्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेबलावरच्या व्हिडिओकडे बघत बसले. मग म्हणाले, पुढच्या हंगामात बघा. हंगामभर त्यांनी वही ठेवली. उकळी फुगली की फळ्या रसात बुडायच्या आणि रस वाया जायचा, ही खोड व्हिडिओत कुणाला दिसली नव्हती. त्यांनी चेनच्या चौकटीला तरंगता डबा लावला. आता रस वर आला की अख्खी चौकट आपोआप वर सरकते. मी दोन संध्याकाळी शोध घेतला, तसं काही सापडलं नाही. प्रोव्हिजनलमध्ये डब्याच्या चार प्रकारच्या आकृत्या घातल्या, १,६०० रुपये भरले आणि पावती त्यांच्या फोनवर पाठवली. प्रदर्शनवाल्यांचं आमंत्रण तीन आठवड्यांपासून आलेलं होतं. त्यांना होकार त्यांनी त्या दिवशी संध्याकाळी कळवला.